ठरावाचा वर्धापनदिन

३ सप्टेंबर २०२४ रोजी मुंबईच्या विधान भवनात महाराष्ट्र विधान परिषदेचा शतकमहोत्सव राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या उपस्थितीत साजरा झाला. ग्रंथाचे प्रकाशन झाले, उत्तम संसदपटूंना पुरस्कार दिले गेले. त्या रात्री वसतिगृहात मुलांसोबत बातम्या पाहत असताना नववीतील एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, शंभर वर्षांपूर्वी आपलं कुणी तिथं बसत होतं का?" जेवणाची घंटा झाल्यामुळे त्या वेळी उत्तर अर्धेच राहिले. ते येथे पूर्ण करावे, अशी इच्छा आहे. माजी विद्यार्थी व पालक हेही हा पाठ वाचतील, ही अपेक्षा.

प्रश्नातील 'आपलं' या शब्दाचे दोन अर्थ संभवतात: आपल्या गावचे आणि आपल्या समाजाचे. गावापुरते उत्तर सोपे आहे. कोणीही नव्हते. ही शंभर वर्षे १९१९ च्या सुधारणा कायद्यानुसार १९२१ मध्ये सुरू झालेल्या मुंबई कायदेमंडळापासून मोजली जातात. (काटेकोरपणे पाहता मुंबईत कायदेमंडळाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ ला भरली होती आणि दोन सभागृहांची रचना १९३७ ची आहे. वर्धापनदिनाचा आरंभबिंदू नेहमी निवडलेला असतो, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विसरू नये.) ते कायदेमंडळ ब्रिटिश मुंबई इलाख्याचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या जनक पित्याच्या, जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले जयसिंगपूर कोल्हापूर संस्थानात होते, तर शेजारचे कुरुंदवाड पटवर्धनांच्या संस्थानात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत येथील प्रौढ स्त्री-पुरुषांनी विधानसभेसाठी प्रथमच मत दिले. म्हणजे ज्या सभागृहाची शंभरी साजरी झाली, त्याच्या पहिल्या पाव शतकात आपला शिरोळ तालुका त्याच्या कक्षेबाहेरच होता.

समाजाच्या बाजूने उत्तर द्यायचे तर थोडे थांबावे लागते. त्या काळी मताचा अधिकार सारा वा कर भरण्याच्या ऐपतीवर ठरत असे; अस्पृश्य समाजाला निवडून येण्याची वाट जवळजवळ बंदच होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१९ मध्ये साउथबरो समितीसमोर हाच प्रश्न मांडला होता. सरकारनियुक्त सभासदत्व एवढेच दार उघडे होते. त्याच दाराने बाबासाहेब आत गेले आणि १८ फेब्रुवारी १९२७ रोजी त्यांनी सभासदत्वाची शपथ घेतली. अवघ्या तीन आठवड्यांनी, १२ मार्चला, शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी सभागृहापुढे हिशेब ठेवला. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत केवळ अठरा पोहोचतात. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारी उत्पन्नातून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. दारूवर जेवढे घेता, निदान तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. निवासी शाळेत अनेक वर्षे शिकविणाऱ्या माझ्यासारख्याला हे भाषण इतर भाषणांहून जवळचे वाटते, हे कबूल करतो. चौथीच्या अलीकडे गळून पडणारी ती ब्याऐंशी मुले कोणत्या घरांतील असतील, हे आपल्या पालकांना वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु त्या सभागृहातील ज्या एका ठरावाने आपल्या इतिहासाची दिशा बदलली, तो बाबासाहेबांच्या प्रवेशापूर्वीचा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. सप्टेंबरात सरकारने तसे आदेश काढले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. तळ्यावर मात्र कोणी अस्पृश्य जाऊ शकला नाही. ५ ऑगस्ट १९२६ रोजी बोले यांना पुन्हा उभे राहावे लागले: पहिला ठराव न पाळणाऱ्या नगरपालिकांची व लोकल बोर्डांची अनुदाने रोखावीत, असा हा दुसरा ठराव. एक ठराव पाळला जावा म्हणून दुसरा करावा लागतो, यातच सारे आले.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय घडले, ते आपल्या घरातील लहान मूलही सांगेल. पुढचे सहसा सांगितले जात नाही. त्याच वर्षी ४ ऑगस्टला, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, महाड नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. डिसेंबरात सत्याग्रह परिषद भरण्याच्या तोंडावर तळे खासगी असल्याचा दावा दिवाणी न्यायालयात दाखल झाला आणि तात्पुरता मनाई हुकूम निघाला. प्रतिवादींमध्ये पहिले नाव स्वतः बाबासाहेबांचे. तो दावा एका न्यायालयातून दुसऱ्यात फिरत राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने अंतिम निकाल लागला. ठराव १९२३ चा, निकाल १९३७ चा. चौदा वर्षे! ठरावाच्या साली जन्मलेले मूल तोवर आपल्या नववीच्या वर्गात बसण्याच्या वयाचे झाले असते.

कोल्हापूरकरांना येथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. आपल्याकडे शाहू महाराजांनी १९१९ सालीच सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास हुकमाने बंदी केली होती. महारांची वतनी वेठबिगार त्यांनी १९१८ मध्ये मोडून काढली. मुंबईत बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक १९२८ मध्ये मांडले, ते संमत होऊ शकले नाही आणि कनिष्ठ गावकामगार वतने कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. मग राजाचा एक हुकूम शंभर सभासदांच्या सभागृहाहून श्रेष्ठ नव्हे काय? वेगाच्या बाबतीत, होय. माणगाव परिषदेत मार्च १९२० मध्ये महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचे पुढारी म्हणून गौरविले, ते माणगाव इथून दूर नाही. त्या राजाचे ऋण या भूमीला विसरता येणार नाही. मात्र हुकूम राजाच्या इच्छेवर उभा असतो, आणि ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. त्यांच्यासारखा दुसरा राजा मागून मिळत नाही. सभागृहाचा ठराव दुबळा असला, तरी इतिवृत्तात छापलेला राहतो. त्याची तारीख दाखवून चार वर्षांनीही जाब विचारता येतो. महाडला बाबासाहेबांनी नेमके हेच केले. ते भीक मागायला गेले नव्हते. संमत झालेला ठराव अमलात आणायला गेले होते.

म्हणूनच माझ्या मते महाराष्ट्रातील विधिमंडळाचा सर्वांत मोठा सार्वजनिक उत्सव विधान भवनात होत नाही. तो दरवर्षी २० मार्चला महाडला होतो. निमंत्रणपत्रिका नसते, पुरस्कार नसतात. आपल्या भागातूनही माणसे गाड्या करून जातात. आपण एका ठरावाच्या अंमलबजावणीचा वर्धापनदिन साजरा करीत आहोत, असे त्यांतील फारच थोड्यांच्या मनात येत असेल.

मुंबईच्या समारंभाला मी कमी लेखत नाही. एका आदिवासी महिलेने राष्ट्रपती म्हणून तेथे उभे राहावे, हे १९२१ च्या सभागृहाच्या कल्पनेतही बसले नसते. तथापि एक गोष्ट खटकली, ती नोंदविली पाहिजे. विधान परिषदेचे सभासद ७८. विधानसभेकडून ३०, स्थानिक स्वराज्य संस्थांकडून २२, पदवीधरांकडून ७, आम्हा शिक्षकांकडून ७ आणि राज्यपालनियुक्त १२. साहित्य, विज्ञान, कला, सहकार व समाजसेवा या क्षेत्रांतील जाणकारांसाठी संविधानाने राखलेल्या या बाराही जागा जून २०२० पासून, शतकमहोत्सवाच्या दिवशीसुद्धा, रिकाम्या होत्या. त्यांतील सात पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये भरल्या गेल्या. स्थानिक संस्थांच्या निवडणुका रखडल्याने त्या वाट्याच्याही अनेक जागा ओस होत्या. बाबासाहेब १९२७ मध्ये नियुक्तीच्याच मार्गाने आत गेले होते, हे आठवले की त्या रिकाम्या आसनांचा अर्थ वेगळा लागतो.

नववीच्या त्या विद्यार्थ्याला हे सारे मी तुकड्यातुकड्यांनी सांगितले. यंदाच्या आमच्या अभिरूप विधानसभेत तो विरोधी पक्षनेता झाला. अभ्यासिकेतील दिवे रात्री अर्धा तास अधिक चालू ठेवावेत, हा ठराव टाळ्यांच्या गजरात संमत झाल्यावर तो उभा राहिला आणि म्हणाला, "अध्यक्ष महोदय, वहीत आणखी एक रकाना हवा. ठराव कधी झाला ते आहे. अमलात कधी आला, ते कुठं लिहायचं?" अध्यक्षस्थानी बसलेल्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी मुख्याध्यापकांकडे पाहिले. रकाना आखला गेला. दिव्यांच्या ठरावापुढे दुसऱ्याच आठवड्यात तारीख पडली. ग्रंथालय रविवारी उघडे ठेवण्याच्या ठरावापुढची जागा हा लेख छापायला देईपर्यंत कोरी आहे, आणि तो मुलगा दर सोमवारी येऊन वही पाहून जातो.