मोत्याची जीभ आणि दादाची जखम

अकोला

चि. सोनूस,


परवा गावी जाऊन आले. दादा ओट्यावर पाय सोडून बसला होता आणि मोत्या त्याच्या टाचेची जखम चाटत होता. कापसाच्या पऱ्हाटीचा खुंट घुसून महिना होत आला. जखमेच्या कडा पांढऱ्या, फुगलेल्या आणि मधे रुपयाएवढा ओला खळगा. मी मोत्याला हाकललं, तर तुझा बाप शांतपणे म्हणतो, "राहू दे वो बाई. त्याच्या जिभेत औषद हाये. सोनूनं मोबाइलवर दाखवलं मले. अन् तो चाटते तं कसं थंडं वाटते."

फोनवर माझा आवाज चढला असता, म्हणून पत्र लिहिते आहे. नीट वाच.

तू दाखवलंस ते खोटं नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या हार्ट आणि पॉवेल या दोघा संशोधकांनी १९९० मध्ये कुत्र्यांच्या लाळेवर प्रयोग केले. तिच्यात ई. कोलाय आणि कुत्र्यांना होणारा एक स्ट्रेप्टोकॉकस, असे दोन जंतू मरतात असं त्यांना दिसलं. पण ते का मरतात, तेही वाचायचं होतंस. हे दोन जंतू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा जीव घेतात. कुत्री आपली आचळं आणि मागचा भाग चाटून साफ ठेवते, त्यातून पिल्लं वाचतात. ही लाळ तिच्या पिल्लांसाठी आहे. त्याच प्रयोगात स्टॅफिलोकॉकस आणि स्यूडोमोनास या जंतूंवर लाळेचा म्हणावा असा परिणाम दिसला नाही. माणसाच्या चिघळलेल्या जखमेत तर हेच दोघे ठाण मांडून बसतात. ड्रेसिंगच्या टेबलापाशी माझी नर्सची सगळी नोकरी सरली, बाळा. गॉजवर हिरवट डाग आणि गोडसर वास आला, की रिपोर्ट यायच्या आधीच आम्ही स्यूडोमोनासचं नाव घ्यायचो.

लोकांची समजूतही अगदी हवेतून आलेली नाही. आपल्या शेतावरच्या कुत्र्यांकडे बघ. पायाची, पोटाची जखम चाटून चाटून स्वच्छ राहते. किडे पडतात ते कानामागे आणि मानेवर, जिथे त्यांची जीभ पोचत नाही. हे शेकडो वर्षं पाहणाऱ्या माणसाने जिभेत औषध आहे म्हटलं, तर त्याला वेडा ठरवू नये. ग्रीकांच्या देवळांतही जखमी माणसाला कुत्र्याकडून चाटवून घेत. पण जिभेने माती आणि सडलेलं मांस निघतं, इतकाच त्याचा अर्थ. हेच काम साबण-पाण्याने होतं, आणि साबणासोबत जंतू येत नाहीत. शिवाय ऑपरेशन झालेल्या कुत्र्याच्या गळ्यात जनावरांचे डॉक्टर प्लास्टिकचं नरसाळं का अडकवतात? त्याने स्वतःचे टाके चाटू नयेत म्हणून. त्याच्या स्वतःच्या जखमेलाही जे चालत नाही, ते दादाच्या जखमेला कसं चालेल?

निरोगी कुत्र्याच्या तोंडातही पाश्चुरेला आणि कॅप्नोसायटोफॅगा नावाचे जंतू असतात. त्याला ते काही करत नाहीत. धडधाकट माणसालाही बहुधा नाही. पण ज्याची प्रतिकारशक्ती खचली आहे, त्याच्या रक्तात ते शिरले तर हातपाय कापण्याची वेळ येऊ शकते, कधी जीवही जातो. दादाला बारा वर्षांपासून शुगर आहे. तू त्याच्या पायाला हात लावून पाहिलास का? मी डोळे मिटायला सांगून अंगठ्याला कापूस लावला. "लावला का?" असं त्याने विचारलं. दुखत नाही म्हणून तो खूश आहे. अरे, शुगरने नसा बधिर झाल्या म्हणून दुखत नाही! मे महिन्यात आपल्याकडची तापलेली माती अनवाणी पायाला भाजते आणि अशा माणसाला फोड आलेला संध्याकाळी दिसतो. टाचेच्या जखमेपासून सुरू होऊन शेवटी गुडघ्याखाली कापलेले असे पाय मी पाहिले आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. रेबीजसाठी चावाच लागतो, असं गावात सगळ्यांना वाटतं. तसं नाही. विषाणू लाळेत असतो. म्हणून फाटलेल्या कातडीवर कुत्र्याने चाटणं हे जागतिक आरोग्य संघटनेने तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीत धरलं आहे. रक्त काढणारा चावाही त्याच श्रेणीत आहे. आणि कुत्रा पिसाळल्याचं दिसायच्या काही दिवस आधीच लाळेत विषाणू आलेला असतो. मोत्याला कधी लस दिली? दादा म्हणाला, आठवत नाही. रात्री गावभर फिरून येतो तो.

एक शेतमजूर पोरगा माझ्या डोळ्यांसमोर आहे. पिल्लू चावलं होतं, ओरखड्याएवढं. घरच्यांनी चुना-मिरची भरली आणि विसरले. दीड महिन्याने आला तेव्हा तहानेने व्याकूळ होता. मी पाण्याचा ग्लास पुढे केला, त्याने तो धरला, ओठांजवळ नेला आणि त्याचा गळा असा आवळला की ग्लास भिंतीवर जाऊन आदळला. त्याची माय म्हणत होती, "पाजा ना वो सिस्टर, दोन दिवसांचा उपाशी हाये." लक्षणं दिसल्यावर आमच्या हातात काही उरत नाही. तिसऱ्या दिवशी गेला.

आपल्या शेंडगावचे गाडगेबाबा तुला ठाऊक आहेत. १९२३ साली ते कोकणात खारेपाटणला कीर्तनात असताना त्यांचा मुलगा गोविंदा गेल्याची खबर आली. कुत्रा चावल्याचं निमित्त झालं, असं आपल्याकडे सांगतात. तेव्हा देशात लसीची ठिकाणं मोजकी होती. कसौलीची पाश्चर संस्था १९०० ची, कुन्नूरची १९०७ ची. वऱ्हाडातल्या गरिबाने तिथवर पोचायचं कधी? आज रेबीजची लस प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते. पोटात चौदा सुया घ्यायचे दिवसही गेले. दंडात देतात, थोड्याच खेपांत.

मोत्याला दूर कर असं मी म्हणत नाही. वहिनी गेल्यापासून दादाचा दिवस त्याच्याशी बोलण्यात जातो, हे मला कळतं. दत्ताच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांना हात जोडणारी माणसं आपण. मोत्याने उशाशी झोपावं, हात चाटावा. पण हातावर खरचटलेलं नको, आणि पायाच्या जखमेपासून त्याचं तोंड लांब पाहिजे.

दादा माझं ऐकणार नाही. मी धाकटी बहीण. तो तुझं ऐकतो, कारण तू शिकतोस. तूच दाखवलंस म्हणून तो निर्धास्त झाला, तेव्हा उरलेलं अर्धं तूच जाऊन सांग. त्याला वेड्यात काढू नको. "बाबा, मी अर्धंच वाचलं होतं," एवढं म्हण.

शनिवारची वाट पाहू नको, उद्याच पहिली एसटी धर. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धू, घड्याळ लावून. हळद, तेल, चुना काही लावू नको. मग त्याला घेऊन दर्यापूरच्या सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना दोन गोष्टी लपवाछपवी न करता सांग: शुगर आहे, आणि उघडी जखम कुत्रा रोज चाटत होता. लस सुरू करतील, जखमेत सीरमची सुई द्यायची का तेही ठरवतील. तारखा लिहून घे. मधली एकही खेप चुकवू नकोस. तिथे काही अडलं तर थेट अकोल्याला सर्वोपचार रुग्णालयात घेऊन ये, मी गेटवर उभी राहीन. मोत्याला दहा दिवस दारात बांधून ठेव, खातोपितो का बघ, आणि मग जनावरांच्या दवाखान्यात विचारून त्यालाही लस टोचून घे.

दवाखान्यातून निघालास की फोन कर. कितीही वाजले तरी मी जागी आहे.

तुझी,
आत्या