बियाणे बदलले की मजुरी कोणाची बदलते?

जनुकीय बदल केलेल्या पिकांविषयी बोलताना आपण बहुधा उत्पन्न, कीड आणि बियाण्याचा भाव एवढ्यावरच थांबतो. यवतमाळकडच्या कोलाम पोडावरून दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणाऱ्या बाईचा प्रश्न वेगळा असतो: वर्षात किती दिवस हाताला काम मिळणार?

आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्या झाडातच बोंडअळीला मारक द्रव्य तयार होते, म्हणून सुरुवातीला फवारण्या घटल्या. पाठीवर पंप घेणारे बहुतेक पुरुष. त्यांचे काम कमी झाले. बोंडे जास्त टिकली तिथे वेचणी वाढली, आणि वेचणी बायकांची. अकोला जिल्ह्यातील कांझरा गावाच्या अभ्यासातही मजूर स्त्रियांचे काम वाढलेले दिसले. मात्र वेचणीची मजुरी किलोवर मिळते. पीक बुडाले की तीही बुडते. पुढे गुलाबी बोंडअळी या बियाण्याला दाद देईनाशी झाली. २०१७ मध्ये तिने महाराष्ट्रात मोठे नुकसान केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले.

आता विदर्भात ‘चोर बीटी’ पेरले जाते. हा कापूस तणनाशक सहन करतो. झाड उभे राहते, तण जळते. त्याला परवानगी नाही, तरीही २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी तो जाहीरपणे लावला. ऐन वेळी निंदणीला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत, ही त्यांची अडचण खरी आहे. पण निंदणी म्हणजे पावसाळ्यातला रोख रोज, तोही घराजवळ, पोरे सांभाळून. घरातले धान्य संपत आलेले असते तेव्हाच तो मिळतो. वेचणी त्यानंतर कित्येक आठवड्यांनी. बीटीने बाईला दिले ते दिवाळीच्या सुमारास. तणनाशक घेते ते श्रावणात. म्हणून दोन्हींचा हिशेब एकत्र करून चालत नाही.

आणखी एक काम सहसा नजरेआड राहते. आपल्याकडचा बीटी कापूस जवळजवळ सगळा संकरित. त्याच्या बीजोत्पादनात फुलाच्या कळीतील पुंकेसर हाताने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या जातीचे पराग लावतात. उत्तर गुजरातच्या बीजोत्पादनाच्या शेतांत या कामासाठी दक्षिण राजस्थानातील डुंगरपूर, उदयपूरकडची आदिवासी मुले वर्षानुवर्षे नेली गेली. हंगाम पावसाळ्याचा, म्हणजे ऐन शाळेचा.