दिवसाच्या केंद्राविषयी

धरमतर

चि. सायली,

पेणला मनाच्या आजारातून सावरणाऱ्यांसाठी दिवसाचं केंद्र काढते आहेस, फार बरं वाटलं. वेळापत्रक वाचलं. प्रार्थना, योगासनं, चित्रकला, अंताक्षरी. पण एखादा दोन दिवस आला नाही, तर यातलं काय अडेल? काहीच नाही. मला खटकलं ते एवढंच.

याउलट न्यूयॉर्कचं फाउंटन हाउस बघ; ते १९४८ साली सुरू झालं. रॉकलंडच्या मनोरुग्णालयातून सुटलेली काही माणसं त्याआधीपासून एकमेकांना धरून भेटत होती, त्यातून ते उभं राहिलं. तिथे येणारा सभासद असतो. स्वयंपाक, फोन, टपाल ही कामं सभासद आणि पगारी माणसं मिळून करतात, आणि पगारी माणसं मुद्दाम कमी ठेवतात. कोणी दिसला नाही की दुसरा सभासद चौकशी करतो. आपल्या खारेपाटात बांधाला खांड गेली की घरटी माणूस लागायचा आणि न आलेल्याच्या दारात निरोप जायचा, तसंच हे.

पेणात कामाला तोटा नाही. गणपतीच्या कारखान्यात घासकाम, पहिला रंग, मूर्ती उन्हात ठेवणं-उचलणं असतं. एखाद्या कारखानदाराशी बोल. मजुरी मात्र चालू दराने माग. डोळ्यांची आखणी कसबी हाताचीच. तिथे दयेपोटी कोणाला बसवलंस आणि मूर्ती बिघडली, तर बोल त्या बिचाऱ्यालाच लागतील. आणि अशा केंद्रांतून करवून घेतात त्या कागदी पिशव्या नकोत गं! पाहुणे कौतुकाने घेतात आणि घरी नेऊन टाकून देतात.

केंद्रातलीही कामं वाटून दे: किल्ली एकाकडे, भाजी आणणं दुसऱ्याकडे. चहा सगळ्यांनी एकाच जागी, एकसारख्या कपांतून घ्यायचा, डॉक्टर आले तरी. रात्रीच्या गोळ्यांनी सकाळी डोळे उघडत नाहीत, म्हणून नऊचा हट्ट धरू नकोस. रोह्याहून येणाऱ्यांचं पोचणं गाडीच्या वेळेवर अवलंबून, तेही बघ. कोणाला नुसतं कोपऱ्यात बसायचं असेल तर बसू दे; काही माणसांची ओळख अशीच होते.

सुरुवातीला पुण्याला जाऊन ये. डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ साली उभारलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचं काम धायरीला बघ. शुभार्थींबरोबर, म्हणजे आजारातून जाणाऱ्यांबरोबर, शुभंकरांनाही, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांनाही, ते एकत्र बसवतात. आईबापांना एकमेकांशी बोलायला जागा मिळाली की त्यांचा घरातला त्रागा पुष्कळ उतरतो, असं माझं मत आहे.

आपल्याकडे घरचे लोक आजार लपवतात, कारण धाकट्या बहिणीचं स्थळ मोडेल ही धास्ती खरी असते. तेव्हा केंद्राच्या गाडीवर नाव रंगवू नकोस आणि ती कोणाच्या दारात उभी करू नकोस, नाक्यावर थांबव. फोटो तर विचारल्याशिवाय कोणाचेच नकोत, देणगीदाराने मागितले तरी.

जागेच्या भाड्याचं बोलायला मी शनिवारी पेणला येतो. करारावर त्याआधी सही करू नकोस.

तुझा,
मामा