तरुण ग्राहक आणि मोटारसायकलचा व्यापार

कित्येक धंद्यांत ग्राहक हळूहळू वृद्ध होत जातो आणि त्याच्यासमवेत दुकानदारही वृद्ध होतो. दोघांचा स्नेह जुना असल्यामुळे हा बदल कोणाच्याच ध्यानात येत नाही. गल्ल्यावर रक्कम जमत असते, तेच ओळखीचे चेहरे दिवाळीला येत असतात. धान्याच्या किंवा कापडाच्या दुकानात बापाचे खाते मुलगा पुढे चालवितो, म्हणून तेथे या गोष्टीची झळ लवकर लागत नाही. मोटारसायकलीचे तसे नाही. ती गरजेपेक्षा हौसेने घेतली जाते तेव्हा बापाची हौस मुलाकडे आपोआप येत नाही. या प्रश्नाचा विचार आमच्या व्यापारी बंधूंनी करावा, या हेतूने हा लेख लिहीत आहोत. आमच्यापैकी पुष्कळांचा संबंध गाड्यांशी, सुट्या भागांशी, टायर-तेलाशी अथवा कर्जपुरवठ्याशी येतो, हे आहेच.

प्रथम अमेरिकेचे उदाहरण घेऊ. तेथील मोटारसायकल उद्योगाच्या पाहणीत मालकांचे मध्यम वय १९९० साली ३२ वर्षे होते. २०१४ साली ते ४७ झाले आणि २०१८ साली ५०. मध्यम वय म्हणजे ज्याच्या वर निम्मे मालक आणि ज्याच्या खाली निम्मे, असे वय. अठ्ठावीस वर्षांत ते अठरा वर्षांनी वाढले, याचा अर्थ व्यापाऱ्याला सहज उमगेल. नवे लोक फार थोडे आले आणि जुनेच पुन्हा पुन्हा गाडी बदलीत राहिले. गाड्या अधिकाधिक अवजड व महाग होत गेल्या, कारण पन्नाशीच्या सधन गृहस्थास तशीच हवी होती. धंदा वरवर भरभराटीचा दिसत होता तो याच काळात.

गंमत अशी की, त्याच देशात साठ वर्षांपूर्वी हा प्रश्न एका परक्या व्यापाऱ्याने सोडवून दाखविला होता. त्या काळी अमेरिकेत मोटारसायकलस्वार म्हणजे कातडी जाकीट घातलेला दांडगट, अशी समजूत रूढ होती. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी झालेल्या दंग्याचा गवगवा झाला आणि १९५३ साली मार्लन ब्रँडोच्या ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटाने ती समजूत पक्की केली. अशा बाजारात १९५९ साली जपानच्या होंडा कंपनीने लॉस एंजेलिस येथे आपली पेढी उघडली. कावाशिमा हे तिचे प्रमुख. जपानी अर्थखात्याने परकी चलन फारच हात राखून दिल्यामुळे ही मंडळी महिना ८० डॉलर भाड्याच्या एका बिऱ्हाडात राहिली आणि त्यांतील दोघे जमिनीवर निजत. गोदामात पेट्यांची थप्पी लावणे व झाडलोट करणे हेही तेच करीत. परमुलखात पेढी घालणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे चित्र परके वाटले नसते.

त्यांचा भरवसा २५० व ३०५ सीसीच्या मोठ्या गाड्यांवर होता. पण तो भरवसा फसला. अमेरिकन माणूस जपान्यापेक्षा लांब आणि वेगाने गाडी हाकतो. १९६० च्या आरंभी त्या गाड्या तेल गाळू लागल्या आणि त्यांचे क्लच निकामी होऊ लागले. पेढीने बिघडलेल्या गाड्या विमानाने जपानला पाठविल्या. तेथे रात्रंदिवस खपून महिन्याभरात दोष काढण्यात आला. दरम्यान ही मंडळी स्वतःच्या कामासाठी शहरात आपली ५० सीसीची लहान गाडी फिरवीत होती. लोक थांबून तिची चौकशी करू लागले. विक्रीसाठी मात्र ती पुढे करण्यास पेढी कचरत होती, कारण मर्दानी समजल्या जाणाऱ्या बाजारात इतकी इवली गाडी आणली तर आपलेच हसे होईल, अशी तिला धास्ती होती. मोठ्या गाड्या अडल्या तेव्हाच तिचा नाइलाज झाला.

ती गाडी म्हणजे १९५८ साली जपानात निघालेली सुपर कब. तिची रचना मुळातच नवख्यासाठी होती. हाताने दाबावयाचा क्लच तीत नव्हता, कारण ते काम आतील यंत्रणा आपोआप करी. पाय वर न उचलता बसता येई, साखळी झाकलेली असल्यामुळे कपड्यांस डाग पडत नसे आणि पुढच्या पत्र्यासारख्या आडोशामुळे चिखल उडत नसे. किंमत अडीचशे डॉलरच्या आसपास. ती विकावयास जे पुढे आले, त्यांत मोटारसायकलीचे रूढ विक्रेते थोडे आणि खेळाच्या सामानाचे दुकानदार पुष्कळ होते. आमच्या मते खरी मेख येथे आहे. जुन्या दुकानात पाऊल ठेवण्यास जो तरुण बिचकत असे, तोच क्रिकेटची बॅट घ्यावी तशा सहजतेने, म्हणजे तेथील बेसबॉलचा दांडू घेता घेता, गाडी पाहू लागला.

जाहिरात त्यानंतरची. होंडाच्या गाडीवर तुम्हांला अत्यंत सज्जन माणसे भेटतात, अशा आशयाचे तिचे बोधवाक्य एका विद्यार्थ्याने विद्यापीठातील वर्गपाठासाठी लिहिले होते आणि ग्रे या जाहिरात संस्थेने १९६३ साली ते देशभर नेले. चित्रांत गृहिणी, जोडपी, मुलांसह आईबाप. दांडगट कोठेच नाही. १९६४ पर्यंत अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन मोटारसायकलींपैकी जवळजवळ एक होंडाची झाली. जाहिरातीने हे केले असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. गाडी किचकट असती आणि दुकान तरुणास परके वाटले असते, तर ते वाक्य कागदावरच राहिले असते.

आपल्याकडील उदाहरण याच्या अगदी उलट वाटेचे आहे. इंग्लंडची एन्फिल्ड १९५५ पासून मद्रासेत तयार होऊ लागली. २००० साली तिचा महिन्याचा खप सुमारे २,००० गाड्यांवर घसरला होता आणि कारखान्याची शक्ती ६,००० ची होती. तेव्हा सिद्धार्थ लाल या सव्वीस वर्षांच्या गृहस्थांकडे तो कारभार आला. बुलेटचा गिअर उजव्या पायाशी व ब्रेक डाव्या पायाशी असे. नवखा तरुण तेथेच अडखळे आणि जुना भक्त मात्र त्यातच अभिमान मानी. गिअर डावीकडे आणला तेव्हा भक्त रुसले. परंतु गाडीचे जुने रूप राखले आणि आतले इंजिन सुधारले, म्हणून दोघेही टिकले. हिमालयातील सहली आणि गोव्यातील मेळावे कंपनीने भरविले. २०१० साली सुमारे ५२ हजार गाड्या खपल्या होत्या, त्या २०१४ साली तीन लाखांवर गेल्या. आज रविवारी पहाटे बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे निघालेले तरुणांचे जथे पाहिले म्हणजे, विकली जाते ती गाडी की तो रस्ता, असा प्रश्न पडतो. दूरच्या कंपन्यांसही हे उशिरा का होईना कळले आहे. २०२३ च्या जुलैत हार्ले-डेव्हिडसनने हीरोच्या आणि ट्रायम्फने पुण्याच्या बजाजच्या साह्याने चारशे सीसीच्या आसपासच्या, सव्वादोन लाखांच्या घरातील गाड्या येथे आणल्या.

येथवर हिशोब सरळ आहे. पुढचा हिशोब आम्हांस जड जातो. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली आणि त्यांतील ७४,८९७ दुचाकीवरील होती. त्याच वर्षी शिरस्त्राण न घातल्यामुळे ५०,०२९ जीव गेल्याची नोंद आहे. ज्या वयाच्या ग्राहकास आपण दुकानात बोलावू इच्छितो, त्याच वयाची माणसे या आकड्यांत फार मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा तरुणास आकर्षित करण्याचा धडा शिकताना हा आकडा झाकून ठेवणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

कायदा स्पष्ट आहे. गिअरची मोटारसायकल अठरा वर्षे पूर्ण झाल्यावाचून चालविता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालकास अथवा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तरीही दहावीचा निकाल लागताच वडील मुलास घेऊन येतात आणि गाडी आपल्या नावावर करा, चालविणार हाच, असे हसत सांगतात, हा अनुभव दुकानदारास नवा नाही. अशा वेळी मापाने बोलणे कठीण असते. शेजारचे दुकान उघडे असते.

खरेदीच्या वेळी प्रमाणित शिरस्त्राण द्यावे असा नियमच आहे. भारतीय मानकाचा ४१५१ हा क्रमांक त्यावर हवा. भेट म्हणून जी चकचकीत टोपली पुष्कळदा दिली जाते, ती उन्हापासून रक्षण करते एवढेच. आमच्या काही सभासदांनी अलीकडे वेगळी रीत धरली आहे. गाडी ताब्यात देण्यापूर्वी तरुणास मोकळ्या मैदानात अर्धा तास घेऊन जावयाचे, दोन्ही ब्रेक एकत्र दाबून थांबावयास शिकवावयाचे आणि ओल्या जमिनीवर तेच पुन्हा करावयास लावावयाचे. यात मिस्त्रीचा अर्धा तास आणि थोडे पेट्रोल जाते. पहिल्या मोफत सर्व्हिसिंगला असा तरुण आला की, तो बहुधा एकटा येत नाही. बरोबर गाडी घेऊ पाहणारा एखादा मित्र असतो, आणि तो मित्र आल्या आल्या विचारतो, ‘मैदानात मलाही नेणार ना?’