हरिभाऊंकडे दुसऱ्या दाराने

नववीच्या वर्षी शाळेने हरि नारायण आपटे यांची ‘गड आला पण सिंह गेला’ स्थूलवाचनाला लावली होती. संक्षिप्त आवृत्ती, पातळ पुठ्ठा आणि प्रत्येक प्रकरणाखाली स्वाध्याय. कोण कोणास म्हणाले? उदयभानूचे स्वभावचित्र पाच-सहा ओळींत रेखाटा. तिकडे तानाजी कडा चढत असायचा आणि आमची पेन्सिल ‘अपेक्षित’मधल्या उत्तराशी जुळणारी ओळ शोधत असायची. ओळ सापडली की खाली रेघ, मग पुढचा प्रश्न. परीक्षा संपली त्याच दुपारी पुस्तक रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं आणि हरिभाऊ आपटे या नावावर माझ्यापुरती फुली पडली.

त्याच वर्षीची एक संध्याकाळ. आजी परातीत तांदूळ निवडत बसली होती. माझ्या हातातल्या पुस्तकावरचं नाव तिने वाचलं. “हरिभाऊंचं होय? आमच्या माहेरी मोठ्यानं वाचायचे यांची पुस्तकं. आत्या दाराआड बसून ऐकायच्या.”

“कंटाळवाणं आहे गं आजी. मला उद्या उत्तरं द्यायचीत,” मी म्हटलं. ती पुन्हा तांदळाकडे वळली.

ती फुली तीस वर्षं टिकली. मधल्या काळात मी वाचत नव्हते असं नाही. पुष्कळ वाचलं. पण आपट्यांच्या कपाटापुढून जाताना पाय थांबला नाही. भाचीने एकदा विचारलं, तेव्हा तिलाही सांगून टाकलं, “ते जुनं राहू दे, दुसरं काही घे.” न वाचलेल्या वीसेक कादंबऱ्यांबद्दल मी हा सल्ला देत होते, आणि तोही चौदाव्या वर्षी घाईघाईने वाचलेल्या एका संक्षिप्त पुस्तकाच्या जोरावर.

दुसरी भेट ठरवून झाली नाही. गावच्या वाचनालयात जुन्या पुस्तकांची फेरनोंद चालली होती आणि आम्ही चौघी-पाच जणी मदतीला जात होतो. दाखल क्रमांक पाहायचा, वहीत लिहायचा, वाळवी लागलेली प्रत बाजूला काढायची. कापडी बांधणीच्या एका जाड पुस्तकावरचा क्रमांक पुसट झाला होता, म्हणून ते उघडलं. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्येच कुठलंसं पान होतं. एक मुलगी आपल्याच घरातली हकिकत सांगत होती. तिला ती कुणापुढे सजवून मांडायची नव्हती. एखादी बाई दुपारी उंबऱ्यात बसून बोलते, तसं ते बोलणं होतं. मध्येच अडखळायचं, मागे जायचं, “हे आधीच सांगायला हवं होतं” अशा थाटात पुन्हा पुढे यायचं. मी उभ्याउभ्या बरीच पानं वाचली. वहीतल्या नोंदी त्या दिवशी तिथेच राहिल्या.

ती मुलगी म्हणजे यमू. तिचं बालपण, लहान वयातलं लग्न, सासर, शिकलेल्या नवऱ्याने तिला लिहाय-वाचायला लावणं, मुंबईतले थोडेसे मोकळे दिवस, मग त्याचा मृत्यू आणि विधवा झाल्यावर तिच्या इच्छेविरुद्ध झालेलं केशवपन. हे सगळं ती स्वतःच सांगते. लेखक तिच्या बाजूने भाषण करायला मध्ये येत नाही. नववीत मला उपदेशक वाटलेला माणूस इथे बाजूला सरला होता आणि त्याने एका बाईला बोलू दिलं होतं.

मग मी पुस्तकाबरोबर त्याचा काळही वाचू लागले. हरिभाऊंचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक, आगरकर यांच्यासारखे शिक्षक लाभले. पुढे कॉलेजात असतानाच आगरकरांनी केलेल्या ‘हॅम्लेट’च्या रूपांतरावर त्यांनी दीर्घ टीका लिहिली. पदवी मात्र त्यांना मिळाली नाही. ‘मधली स्थिती’ ही पहिली कादंबरी १८८५ची. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं, ते पाव शतकाहून अधिक काळ चालवलं आणि बहुतेक कादंबऱ्या त्यातूनच हप्त्याहप्त्याने लिहिल्या. यमूची कहाणी १८९० ते १८९३ या वर्षांत अशीच आली.

या तारखांनी मला पुस्तक नव्याने वाचायला लावलं. मार्च १८९१मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीच्या संमतीचं वय दहावरून बारावर गेलं. त्याआधी पुण्यात सभा गाजत होत्या. टिळकांचा विरोध होता, तर आगरकर ‘सुधारक’मधून कायद्याच्या बाजूने लिहीत होते. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं होतं. बाहेर हा वाद पेटलेला असताना दर आठवड्याला घरात ‘करमणूक’चा अंक पडत होता आणि त्यात यमू आपलं आयुष्य सांगत होती. वादात कुणी कुठली बाजू घेतली, हे इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. त्या वादाचा विषय असलेल्या मुलीला माजघरात काय वाटत होतं, ते या कादंबरीत आहे.

शाळेत दिलेलं पुस्तक वाईट होतं, असं माझं म्हणणं नाही. ‘गड आला पण सिंह गेला’ वाचकांना इतकी आवडली की बाबूराव पेंटरांनी तिच्यावरून १९२३मध्ये ‘सिंहगड’ हा मूकपट काढला. चूक जुळणीत होती. हप्त्यांसाठी लिहिलेली कादंबरी कापून लहान केली, तिचे तुकडे प्रश्नांना बांधले आणि चौदा वर्षांच्या मुलांना महिन्याभरात संपवायला लावली. मी नापसंत केलं ते हे सगळं. फुली मात्र लेखकावर मारली.

इंग्रज कवी बायरन याची हीच तक्रार होती. हॅरोच्या शाळेत त्याला होरेस या रोमन कवीच्या ओळी घोकाव्या लागल्या. पुढे इटलीत फिरताना होरेसच्या कवितेतला सोराक्ते डोंगर समोर दिसला, तेव्हा ‘चाइल्ड हॅरॉल्ड’च्या १८१८मध्ये आलेल्या चौथ्या सर्गात त्याने या कवीचा निरोप घेतला. तू मला आवडला नाहीस यात दोष तुझा नाही, माझा आहे, अशी कबुली त्यात आहे. सौंदर्य कळण्याआधीच पाठांतर लादलं की कवितेचा ताजेपणा निघून जातो, असं त्याने टिपेतही लिहून ठेवलं. तीस वर्षं आपट्यांचं कपाट टाळलेल्या मला ती टीप फार जवळची वाटली.

शाळेतल्या एखाद्या लेखकावर तुमचीही अशी फुली असेल, तर माझ्या चुकांतून निघालेल्या काही गोष्टी सांगते.

ज्या पुस्तकाने मन उडालं, त्याच पुस्तकाकडे पहिल्यांदा परत जाऊ नका. त्याच्या पानापानावर जुना कंटाळा चिकटलेला असतो. त्याच लेखकाचं वेगळ्या जातीचं पुस्तक घ्या. आपट्यांची ऐतिहासिक कादंबरी नको झाली असेल, तर सामाजिक घ्या. कादंबरीच मोठी वाटत असेल, तर ‘स्फुट गोष्टी’ आहेत. दुष्काळावरची ‘काळ तर मोठा कठीण आला’ ही कथा एका बैठकीत होते. मी यमूनंतर ‘मी’ वाचली, मग ‘उषःकाल’, आणि सर्वांत शेवटी पूर्ण ‘गड आला पण सिंह गेला’. तोवर लेखकाच्या आवाजाची सवय झाली होती.

केशवसुत एका पाठ्यपुस्तकी कवितेपुरतेच आठवत असतील, तर त्यांच्या समग्र कविताच घ्या. त्या दीडशेही नाहीत. ‘स्मृतिचित्रे’ एका धड्यापुरती भेटली असेल, तर लक्ष्मीबाई टिळकांबरोबर पहिल्या पानापासून चालायला लागा. धड्यासाठी निवडलेला उतारा बहुधा कुणाला न दुखावणारा असतो. लेखक त्याच्या अलीकडे-पलीकडे पसरलेला असतो.

दुसरी गोष्ट वेगाची. जे हप्त्याने लिहिलं, ते हप्त्यानेच वाचा. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मी आधी एका सुट्टीत संपवायला गेले आणि मधल्या भागात दमले. तेच तेच पुन्हा का सांगतात, असं वाटू लागलं. मग रोज रात्री एकच प्रकरण वाचायचं ठरवलं. मागची आठवण करून देणारी वाक्यं मला नको वाटली होती, ती आठवडाभर थांबलेल्या वाचकासाठी होती. रोज एक प्रकरण वाचताना तीच वाक्यं हाताला धरून आत नेऊ लागली.

जुन्या छपाईने बिचकू नका. ‘कांहीं’, ‘नांव’, ‘गांव’, ‘घरीं’ असे अनुस्वार ठिकठिकाणी दिसतात. १९६२च्या लेखनविषयक नियमांनी त्यांतले बरेचसे गेले आणि आपले डोळे त्यांना विसरले. पहिली दहा पानं मोठ्याने वाचली की ही अडचण सरते, कारण कानाला ते अनुस्वार ऐकूच येत नाहीत. लांबलचक वाक्यंही मोठ्याने वाचताना आपोआप तुटतात, कुठे श्वास घ्यायचा ते कळतं.

पुस्तक कुठल्या वर्षी लिहिलं गेलं ते बघा आणि त्या वर्षी आजूबाजूला काय चाललं होतं ते थोडं शोधा. प्रस्तावना मात्र शेवटी वाचा. प्रस्तावनेत मोठेपणाची यादी आधी येते आणि आपण पुन्हा परीक्षेला बसल्यासारखे होतो. हातात पेन्सिल घेऊ नका.

एवढं करूनही लेखक आवडला नाही, तर ते नाव खुशाल बाजूला ठेवा. टॉलस्टॉयला शेक्सपिअर कधीच पटला नाही. त्याने तो रशियनमध्ये, इंग्रजीत आणि जर्मनमध्ये वाचला, पंचाहत्तरीत पुन्हा सगळा वाचून काढला, आणि १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात आपलं मत तसंच असल्याचं लिहिलं. त्याच्याशी सहमत होणारे थोडेच सापडतील. पण त्याने पुन्हा पुन्हा वाचून नाही म्हटलं. मी न वाचता म्हटलं होतं.

आणि घरातल्या मुलांपुढे आपली फुली बोलून दाखवू नका. भाचीला मी नंतर फोन करून माझा सल्ला मागे घेतला. ती आता दूरच्या शहरात असते. तिला पुस्तक पाठवून दिलं, यमूचं.

या उशिराची किंमत मला केशवपनाच्या प्रकरणाशी पोचल्यावर कळली. ते वाचताना आजीच्या आत्या आठवल्या. लहानपणी विधवा झालेल्या, केस काढलेल्या, जन्मभर लाल आलवणात वावरलेल्या. आमच्या घरी त्यांचा एकही फोटो नाही. त्या दाराआड बसून हरिभाऊ ऐकायच्या, एवढंच आजी मला सांगून गेली होती, आणि तेव्हा मी उत्तरं पाठ करत होते. आजीला जाऊन आता खूप वर्षं झाली. माजघरात वाचणारा त्या प्रकरणाशी आला तेव्हा तो थांबला का, आत्या उठून आत गेल्या का, की दाराआडून त्यांनीच त्याला पुढे वाच म्हणून सांगितलं, हे मी कुणाला विचारू?