अमेरिकन बोलपटांतील कृष्णवर्णीय नर्तक

१९२७ सालीं अमेरिकेंत ‘दि जॅझ सिंगर’ हा चित्रपट झळकला आणि तोंपर्यंत मुक्या असलेल्या पडद्यास वाचा फुटली. जी कला नुसती पाहून पुरती कळत नाहीं, जी ऐकावीही लागते, अशा कलेस या नव्या साधनानें मोठेंच क्षेत्र मोकळें झालें. ‘टॅप’ नृत्य ही अशीच एक कला होय. तिच्या घडणींत अमेरिकेंतील कृष्णवर्णीयांचा वाटा फार मोठा आहे. परंतु त्या पहिल्या बोलपटाचा गोरा नायक अल् जोल्सन हा चेहऱ्यास काळा रंग फांसून गातांना दिसतो! कृष्णवर्णीयांची कला हवी, पण खुद्द कृष्णवर्णीय मनुष्य शक्य तों दूर असावा, ही वृत्ति त्या एका दृश्यांत स्पष्ट उमटली आहे. या वृत्तीशीं झगडत टॅप नर्तकांनीं पडद्यावर काय मिळविलें व काय गमावलें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम या नृत्याचें स्वरूप पाहूं. नर्तकाच्या बुटांच्या चवड्याखालीं व टांचेखालीं धातूची एक एक पट्टी बसविलेली असते. लाकडी जमिनीवर कधीं चवडा, कधीं टांच, तर कधीं बुटाचें केवळ टोंक आपटून तो निरनिराळे ध्वनि काढतो. म्हणजे नर्तक हाच वादक आणि जमीन हेंच वाद्य! आपल्याकडील कथक नर्तकाचा तत्कार ज्यांनीं ऐकला आहे, त्यांस ही कल्पना चटकन् उमगेल. भेद इतकाच कीं, कथक नर्तक अनवाणी पायांत घुंगरू बांधतो, तर टॅपमध्यें बुटाचा तळच बोलतो.

या कलेचें मूळ दुःखांत आहे. पश्चिम आफ्रिकेंतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांनीं आपले ढोल व आपले ताल अमेरिकेंत जिवंत ठेवले होते. १७३९ सालीं दक्षिण कॅरोलायना प्रांतांत गुलामांनीं उठाव केला, तेव्हां ते ढोल वाजवीत चालून गेले होते. पुढील वर्षींच तेथील सरकारनें कायदा करून गुलामांस ढोल वापरण्याची बंदी केली. ढोल गेले, पण ताल गेला नाहीं. तळहात, मांड्या, छाती व पाय यांवर तोच ताल वाजूं लागला, आणि त्यास ‘जूबा’ हें नांव पडलें. उत्तरेकडील शहरांत याच तालाची गांठ आयर्लंडच्या ‘जिग’ नृत्याशीं व लँकेशायरच्या लाकडी तळाच्या बुटांनीं करावयाच्या नृत्याशीं पडली. गरीब आयरिश लोक व मुक्त कृष्णवर्णीय एकाच वस्तींत राहत असल्यामुळें एकमेकांचीं पावलें पाहून शिकले. ‘मास्टर जूबा’ म्हणून प्रसिद्धीस आलेला विल्यम हेन्री लेन हा याच मिश्रणांतून तयार झाला. १८४८ सालीं त्यानें लंडनच्या रसिकांसही थक्क केलें. मात्र त्याच काळीं गोरे नट तोंडास जळलेल्या बुचाची काजळी फांसून रंगभूमीवर कृष्णवर्णीयांची टवाळी करीत आणि तीस करमणूक म्हणत.

बोलपटांच्या काळांत या परंपरेचा मुकुटमणि ठरला तो बिल रॉबिन्सन. ‘बोजँगल्स’ या टोपणनांवानें तो सर्वतोमुखीं झाला. त्याचा जन्म १८७८ सालीं व्हर्जिनिया प्रांतांतील रिचमंड शहरीं झाला. बाळपणींच आईबाप वारल्यामुळें आजीनें त्याचा सांभाळ केला, आणि कोवळ्या वयांतच तो रस्त्यावर नाचून चार पैसे मिळवूं लागला. त्यानें टॅप नृत्य टांचेवरून उचलून चवड्यावर आणलें. त्यामुळें तें हलकें, नेमकें व सुबक झालें. त्याचें जिन्यावरील नृत्य तर अजरामर आहे. पायऱ्या चढतां उतरतां तो प्रत्येक पायरीवर ठेका असा बदलीत जाई कीं, जिना हेंच एक वाद्य वाटावें. वरचें शरीर स्थिर, चेहरा हंसरा, आणि सारी कारागिरी पायांत!

१९३५ सालच्या ‘द लिटल कर्नल’ या बोलपटांत रॉबिन्सननें हाच जिना चिमुकल्या शर्ली टेंपलबरोबर चढून दाखविला. गोरी मुलगी व कृष्णवर्णीय पुरुष हातांत हात घालून नाचत आहेत, हें हॉलिवुडच्या पडद्यावर पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें. दक्षिणेकडील कांहीं गांवांत हा भाग कापूनच चित्रपट दाखविण्यांत आला. शिवाय त्या कथेंत रॉबिन्सनची भूमिका कोणती, तर घरच्या इमानी नोकराची! त्या काळच्या श्रेष्ठ नर्तकास पडद्यावर यावयाचें तर नोकराचा पोशाख घालूनच यावें लागलें.

ही कात्री कशी चालत असे, हें समजून घेण्याजोगें आहे. दक्षिणेकडील प्रांतांत वर्णभेदाचे कायदे होते. चित्रगृहांतील जागाही निराळ्या असत. मेंफिससारख्या शहरांतील परीक्षण मंडळें कृष्णवर्णीय कलावंतांचीं दृश्यें कापून टाकण्याविषयीं प्रसिद्ध होतीं. चित्रपट काढणाऱ्या कंपन्यांस तेथील उत्पन्न तर बुडवावयाचें नव्हतें. मग त्यांनीं एक युक्ति योजिली. कृष्णवर्णीय कलावंतांचें नृत्य वा गीत कथेपासून अगदीं अलग ठेवावयाचें. त्यांनीं यावें, नाचावें, टाळ्या घ्याव्या व निघून जावें. कथेंतील कोणतीही गोष्ट त्यांच्यावर अवलंबून नसावी, म्हणजे तेवढी फीत काढून टाकली तरी कथेस कोठें खिंडार पडत नाहीं. गायिका लीना हॉर्न हिच्या वांट्यास एम्. जी. एम्. कंपनीच्या चित्रपटांत वारंवार हेंच आलें. १९४० सालच्या ‘डाउन अर्जेंटाइन वे’ या चित्रपटांत निकोलस बंधूंचें विलक्षण नृत्य आहे. पण तें होतांच हे दोघे दिसेनासे होतात.

स्त्रियांची स्थिति याहून बिकट होती. जेनी लगॉन ही तरुण नर्तकी १९३५ सालीं ‘हूरे फॉर लव्ह’ या चित्रपटांत रॉबिन्सनच्या बरोबरीनें नाचली. त्यानंतर एम्. जी. एम्. कंपनीनें तिच्याशीं करार केला, पण तो लवकरच मोडला. पुढें तिच्यासारख्या गुणी नर्तकीस मोलकरणींच्या भूमिका कराव्या लागल्या. आणि १९३६ सालीं फ्रेड ॲस्टेअर या थोर गोऱ्या नर्तकानें ‘स्विंग टाइम’ चित्रपटांत बोजँगल्सच्या नांवाचें नृत्य केलें, तें तोंडास काळें फांसून! हेतु गौरवाचा होता असें मानतात. पण ज्याचा गौरव करावयाचा तो त्या वेळीं हयात होता व उत्तम नाचत होता, हें विसरतां येत नाहीं.

१९४३ सालीं मात्र ‘स्टॉर्मी वेदर’ हा बोलपट निघाला. त्यांतील जवळजवळ सर्व नटवर्ग कृष्णवर्णीय होता, आणि कथा रॉबिन्सनच्याच जीवनावरून सैलपणें बेतलेली होती. त्याच्या अखेरीस फेयर्ड व हॅरल्ड निकोलस या बंधूंचें जें नृत्य आहे, तें पाहतांना श्वास रोखला जातो. कॅब कॅलोवे याच्या वादकांमधून उड्या घेत, पियानोवर चढून खालीं झेपावत ते शेवटीं एका भव्य जिन्यापाशीं येतात. मग एक भाऊ दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारून पुढच्या पायरीवर दोन्ही पाय ताणून बसका पडतो, तोंच दुसरा त्याच्यावरून उडी घेतो. असे ते पायरीपायरीनें खालीं उतरतात आणि प्रत्येक वेळीं हातांचा आधार न घेतां उठतात. या बंधूंस नृत्यशाळेचें शिक्षण नव्हतें. आईबाप नाट्यगृहांत वाद्यें वाजवीत, तेव्हां समोर बसून थोरल्या फेयर्डनें नर्तक पाहिले. तो पाहून शिकला आणि त्यानें धाकट्यास शिकविलें.

काळानें न्याय केला, पण उशिरा. रॉबिन्सन १९४९ सालीं निर्धन स्थितींत वारला. १९८९ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें त्याचा जन्मदिवस, २५ मे, हा राष्ट्रीय टॅप नृत्य दिन ठरविला. निकोलस बंधूंस १९९१ सालीं केनेडी सेंटरचा मोठा सन्मान मिळाला. जेनी लगॉन कॅनडांतील व्हँकुव्हर शहरीं जाऊन राहिली व तेथें तिनें अनेक विद्यार्थी तयार केले; २०१२ सालीं ती वारली.

दैवाचा खेळ असा कीं, ज्या कथांना धक्का लागूं नये म्हणून हीं नृत्यें अलग ठेवलीं, त्या कथांपैकीं पुष्कळ आज कोणास आठवतही नाहींत, आणि तीं नृत्यें मात्र स्वतंत्रपणें आवडीनें पाहिलीं जातात. परंतु तेवढ्यावरून त्या कात्रीचे उपकार मानणें योग्य नव्हे. तीन मिनिटांत ज्यांनीं एवढें दिलें, त्यांस पूर्ण कथा मिळाली असती, सुखदुःखाच्या भूमिका मिळाल्या असत्या, तर त्यांनीं काय दिलें असतें, हें आतां कोणासही पाहतां येणार नाहीं. जें कापलें गेलें त्याहून जें चित्रितच झालें नाहीं, तें नुकसान मोठें आहे.

विद्यार्थिमित्रहो, असा एखादा जुना बोलपट पाहण्याचा योग आला तर त्यांतील पावलांचें कौतुक अवश्य करा. पण टाळ्या वाजवून झाल्यावर हा कलावंत कथेंत कोठून आला व इतक्या लवकर कोठें गेला, हा प्रश्नही मनास विचारा. गुणांवर प्रेम करणें सोपें आहे. गुणवंतास आपल्या पंक्तींत बरोबरीचें स्थान देणें, ही रसिकतेची खरी परीक्षा होय.