हरणाच्या शिकारीला नळी किती इंची?

प्रश्न : नोकरीनिमित्त मी मिल्वॉकीजवळ राहतो. ऑफिसातले काही सहकारी दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातात आणि यंदा मलाही बरोबर नेणार आहेत. शिकारीचे सक्तीचे प्रशिक्षण पुरे झाले आहे. .308 विंचेस्टरची बोल्ट-ॲक्शन रायफल घ्यायची एवढे ठरले, पण दुकानात तिच्या 18, 20, 22 आणि 24 इंची नळ्या आहेत. एक मित्र म्हणतो, नळी लांब तितका नेम पक्का. दुसरा म्हणतो, जंगलात आखूडच हवी. कोणाचे ऐकू?

उत्तर : सायलेन्सर लावणार नसाल तर 22 इंची घ्या. लावणार असाल तर 20 इंची, हवी तर 18 इंचीही चालेल. 24 इंची नळीची गरज तुम्हाला विस्कॉन्सिनात क्वचितच पडेल.

आधी नेमाचे पाहू, कारण तो समज फार जुना आहे. दुर्बिणीशिवाय नेम धरायचे त्या काळी त्यात तथ्य होते. नळीच्या टोकावरची माशी आणि डोळ्याजवळची खाच यांत अंतर जितके जास्त, तितकी नेमातली चूक कमी. रायफलवर दुर्बीण बसली की हा हिशेबच उरत नाही. उलट त्याच जाडीची नळी आखूड केली तर ती जास्त ताठ होते. टोकाला सारखाच भार दिला तर 24 इंची नळी 20 इंचीच्या सुमारे पावणेदोन पट वाकते. गोळी सुटताना नळी थरथरते, तेव्हा हा ताठपणा कामाचाच. नेम ठरतो तो नळी किती सफाईने बनवली आहे, तिचे तोंड किती नीट कापले आहे आणि काडतूस तिला मानवते का, यावर. इंचांवर नाही.

लांबीने खरा फरक पडतो तो वेगात. दारू पेटली की दाब पहिल्या काही इंचांतच शिगेला पोचतो आणि मग उतरत जातो. पण गोळी नळीत असेपर्यंत तो तिला ढकलतच असतो. .308 मध्ये एका इंचामागे साधारण 20 ते 25 फूट प्रति सेकंद एवढा वेग कमी-जास्त होतो. म्हणजे 150 ग्रेनची गोळी 24 इंची नळीतून 2820 फूट प्रति सेकंद वेगाने निघत असेल, तर 20 इंचीतून 2720 च्या आसपास निघेल. ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी घटते. ऐकायला हे बरेच वाटते, पण मैदानात काय होते ते पाहा. दोन्ही रायफली 200 यार्डांवर जुळवून घेतल्या, तर 300 यार्डांवर आखूड नळीची गोळी दुसरीपेक्षा जेमतेम एक इंच खाली लागते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा सुमारे आठ इंच व्यासाची असते. शंभर यार्डांवर तर हा फरक कोणाला दाखवताही येणार नाही.

आणि तुम्ही शंभर यार्डांच्या आतच बसणार आहात, निदान उत्तरेकडच्या दाट जंगलात तरी. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा हंगाम म्हणजे थंडी, जाड जाकीट, त्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा आणि झाडावरचे अरुंद मचाण. रिकामी रायफल दोरीने वर ओढायची, अंगावरचा सुरक्षा पट्टा झाडाला बांधलेला, आणि हरीण आले ते नेमके उजव्या हाताच्या मागून. नळी सावकाश त्या बाजूला वळवताना ती फांदीला लागली, किंवा लाकडी खोपटाच्या खिडकीच्या चौकटीवर ठक् आवाज झाला, की हरीण गेले. त्याहून वाईट म्हणजे घाईत बार सुटतो आणि जनावर पोटात गोळी घेऊन पळते. ते रात्रभर तडफडत राहते. शिकाऱ्याच्या हातून होणारे हे सगळ्यात मोठे पाप आहे असे मी मानतो, आणि नळीची लांबी निवडताना मनात पहिला विचार याचाच असावा. दोन-चार इंच इथे जाणवतात ते हाताळण्यात. वजनात नाही: साध्या शिकारी नळीचे चार इंच कापले तर उणेपुरे दीडशे ग्रॅमच वाचतात, मात्र रायफलचा तोल मागे, हाताजवळ येतो.

मग 18 इंची सरसकट का नको? कारण आवाज. शिकारी रायफलचा बार 160 डेसिबलच्याही वर जातो, आणि 140 वर कानाला कायमची इजा होऊ शकते. नळी आखूड झाली की हा स्फोट तुमच्या कानांच्या अधिक जवळ येतो आणि अधिक जोराचाही होतो. संधिप्रकाशात टोकावरचा लखलखाट डोळे दिपवतो तो वेगळाच. नवशिक्या माणसाला त्या आवाजाची धास्ती बसली की तो चाप ओढण्याआधीच डोळे मिटतो आणि नेम तिथेच चुकतो. म्हणून सायलेन्सर नसेल तर 22 इंच. सायलेन्सर टोकाला सहा-सात इंच वाढवतो, त्यामुळे तो लावणाऱ्याने नळी मुळातच आखूड घेणे शहाणपणाचे. अलीकडे दुकानांत 18 आणि 20 इंची नळ्या एवढ्या दिसतात त्याचे हे मोठे कारण आहे. सायलेन्सर असला तरी कानांत बोळे घालाच.

आखूड नळी म्हणजे नवे खूळ, असे मात्र कोणी सांगितले तर मानू नका. 1903 सालच्या ऑस्ट्रियन मानलिखर-शोनाउअर कार्बाइनची नळी जेमतेम 18 इंची होती आणि आल्प्सच्या कड्यांवर शिकारी ती आनंदाने खांद्यावर वागवत.

लांब नळीचाही एक प्रांत आहे. वायोमिंगच्या उघड्या माळावर प्राँगहॉर्नच्या मागे जाणार असाल, किंवा 7 मिमी रेमिंग्टन मॅग्नमसारखे भरपूर दारूचे काडतूस वापरणार असाल, तर 24 ते 26 इंच हवेत. एवढी दारू आखूड नळीत पुरती कामी येत नाही, ती तोंडाशी जाळ होऊन वाया जाते. शिशाऐवजी निव्वळ तांब्याची गोळी वापरणाऱ्यानेही वेगाकडे लक्ष द्यावे. अशा अनेक गोळ्या नीट फुलायला हरणापाशी पोचताना 1800 ते 2000 फूट प्रति सेकंद वेग लागतो. .308 मध्ये चार इंच नळी कमी केली की हा वेग टिकण्याचा पल्ला साधारण 40 यार्डांनी घटतो. दाट जंगलात त्याने काही बिघडत नाही. माळावर बिघडते.

आता कायद्याचे, कारण तुमच्या पत्रात व्हिसाचा उल्लेख नाही. एच-वन-बीसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसेही बाळगता येत नाहीत. त्याला जे मोजके अपवाद आहेत त्यांतला नेहमीचा म्हणजे कोणत्याही राज्याचा चालू शिकार परवाना. ‘चालू’ हे महत्त्वाचे. विस्कॉन्सिनचे वार्षिक परवाने 31 मार्चला संपतात. नवा न काढता रायफल घरात राहिली तर तो गुन्हा ठरू शकतो. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. दुसरे असे की, 16 इंचांपेक्षा आखूड नळीच्या रायफलला 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टनुसार आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. ही लांबी मोजतात ती बंद बोल्टच्या तोंडापासून, नळीत काठी घालून. पुढे कधी नळी कापून घ्यावीशी वाटली तर ती कारागिराकडूनच कापून घ्या आणि या मापापासून चांगले दूर राहा.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार हा गुन्हा आहे, हे इथल्या वाचकांसाठी.

दुकानात जाताना नोव्हेंबरातले जाड जाकीट बरोबर न्या. ते घालून 20 आणि 22 इंची रायफल आळीपाळीने खांद्याला लावा, खुर्चीत बसून दोन्ही बाजूंना वळून पाहा. जी अडत नाही आणि जिच्या दुर्बिणीतून लगेच पूर्ण चित्र दिसते, ती घ्या.